एका वाक्याला एक मजला

अख्ख्या मुंबईत बातमीचं वाक्य पायांनी लिहिणारा माणूस एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. मामा रेडिओसाठी आठवड्याच्या घडामोडींचं स्क्रिप्ट लिहितात आणि दादरच्या स्टुडिओत बसून मी ते वाचतो. त्यांची खोली लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर. लिहून झालं की कागद घेऊन ते तळमजल्यावर उतरतात आणि मोठ्याने वाचत जिना चढू लागतात. वरचा मजला यायच्या आत, एकाच दमात, वाक्य संपलं पाहिजे. नाही संपलं तर कानावरची लाल पेन्सिल निघते आणि कठड्यावर कागद टेकवून तिथल्या तिथे छाटाछाट होते. त्यामुळे चाळीला बातम्या आदल्या दिवशीच कळतात, पण मजल्यागणिक. कुठला पूल बंद होणार हे पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना ठाऊक असतं. का बंद होणार, हे विचारायला त्यांना दुसऱ्या मजल्यावर जावं लागतं. एकदा कुठल्याशा सरकारी समितीचं वाक्य घेऊन मामा निघाले ते थेट गच्चीवर पोचले. तिथून धापा टाकत त्यांनी मला फोन केला. "जावईबापू, या समितीने काहीही केलेलं नाही. गच्चीपर्यंत जाऊन बघितलं."

'दरम्यान' या शब्दाशी त्यांचं हाडवैर आहे. लिहिणाऱ्याला पुढचं सुचलं नाही की तो 'दरम्यान' लिहितो, असं त्यांचं म्हणणं. घरातसुद्धा ते स्क्रिप्टमध्येच बोलतात. माझी मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या पायरीवर बसून मी एका नातेवाइकाला टॅक्सी कशी मिळाली इथपासून सांगत होतो. मामांनी माझ्या हातातला फोन घेतला, "मुलगी. दोघी सुखरूप. सविस्तर संध्याकाळी," एवढं म्हणाले आणि ठेवून दिला.

दोन वर्षांपूर्वी मला न्यूमोनिया झाला. बरा झालो, पण दम गेला. रेकॉर्डिंगला वाक्याच्या मध्येच श्वास तुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागायचं. आमच्या निर्मात्याने शेवटी सांगितलं, "अजून दोन आठवडे बघू रे. नाहीतर दुसरा आवाज शोधायला लागेल." मला आवाजाशिवाय दुसरं काही येत नाही. मामांना हे कळू द्यायचं नाही, असं मी बायकोला बजावलं.

पुढच्या आठवड्याचं स्क्रिप्ट आलं आणि मी चाटच पडलो. एरवी मामांची वाक्यं कशी ऐसपैस, वळणं घेत जाणारी. ही मात्र चार-चार, पाच-पाच शब्दांची. "मामा थकले गं," मी बायकोला म्हणालो, आणि वर शहाणपणाने, "आता त्यांनी थांबावं," असंही म्हणालो. त्या दिवशी मी एकदाही न अडखळता वाचलं. निर्माता खूश झाला, मीही खूश झालो, आणि आखूड वाक्यांशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

रविवारी सकाळी पेढे घेऊन लालबागला गेलो. जिन्यावर मामा. दोन्ही हातांत तांदळाची एकेक पिशवी, कागद दातांत, चेहरा लालबुंद. मामी वरून कठड्यावर वाकून ओरडत होत्या, "बघ रे बाबा तूच! तांदूळ घेऊन जिने चढतत. इचारलंय तर म्हणतत, जावयाचो दम मोजतंय!"

मामांनी पिशव्या खाली ठेवल्या आणि दातांतला कागद काढला. "मागच्या महिन्यात रेडिओवर 'महापालिका' म्हणताना तुम्ही 'महा'वर थांबलात," ते म्हणाले. "दहा किलोंना तुमचा श्वास बरोबर जुळतो. पंधरा करून पाहिले, पण मग हवामानाचं वाक्यसुद्धा बसेना." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थांबावं म्हणालो होतो मी या माणसाला! डोळे लपवायला मी पिशव्या उचलल्या आणि दुसऱ्या पायरीवरच मला धाप लागली. "बघा," मामा म्हणाले, "हिशोब बरोबर आहे."

पुढे माझा दम परत येत गेला. तसतसे तांदूळ आठावर आले, पाचावर आले, आणि एक दिवस मामा रिकाम्या हातांनी चढले. वाक्यं पुन्हा ऐसपैस झाली.

गेल्या महिन्यापासून मात्र ती परत आखूड व्हायला लागली आहेत. "मामा, मी ठणठणीत आहे," मी फोनवर म्हणालो. "माहीत आहे," ते म्हणाले आणि विषय बदलला. परवा चाळीत गेलो तर ते जिना चढत होते. हातात फक्त कागद. पहिल्या मजल्याच्या अलीकडे, अर्ध्या वाक्यावर ते थांबले, कठडा धरला, थोड्या वेळाने वाक्य पुरं केलं आणि मग मजला गाठला. खाली मी उभा आहे हे त्यांना दिसलं नाही. लाल पेन्सिल त्यांनी कानावरून काढली, कागदाकडे पाहिलं आणि तशीच परत ठेवली. ते वाक्य त्यांना छाटवलं नसावं.

स्क्रिप्ट माझ्याकडे आलं तेव्हा ते वाक्य मी लगेच ओळखलं. मला ते सहज एका दमात वाचता आलं असतं. पण शुक्रवारी स्टुडिओत मी ते अर्ध्यावर थांबून, श्वास घेऊन वाचलं. निर्मात्याने काचेपलीकडून विचारलं, "काय रे, पुन्हा दम लागायला लागला की काय?" मी म्हटलं, "नाही. त्या वाक्यात तिथे थांबायचंच आहे."