वीत्स्केची अनामिका

युट्रेक्टच्या चर्चमध्ये वीत्स्के होकेमा तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत वाजवायची ते जुन्या रीतीनं, चेलो पोटऱ्यांत धरून, जनावराच्या आतड्याच्या तारांवर. आणि पुढच्याच आठवड्यात हीच बाई आजचं, नवं संगीत वाजवताना पोलादी तारांवर गज असा खरवडायची, की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या कानातली यंत्रं बंद करून घेत. वीस वर्षं तिनं हे दोन संसार सांभाळले.

बेचाळिसाव्या वर्षी तिच्या डाव्या हाताची अनामिका आपोआप आत वळायला लागली. सायकलचा ब्रेक दाबताना, पाव कापताना काही नाही. तारेवर ठेवली की वळायची.

"बोट ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतून निरोप चुकीचा जातोय. कधी सुधारतं, कधी नाही."

तिनं कुणालाच सांगितलं नाही. अवघड जागा दुसऱ्या बोटांवर बसवल्या, जमेना तिथं सूर गाळले. फोन वाजला की वाटायचं, कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

अशात त्येर्ड वियार्डांनी खास तिच्यासाठी नवी रचना लिहिली. शहात्तर वर्षांचे, तिरकस बोलणारे गृहस्थ. तालमीला ती त्यांच्या घरी गेली. तिसऱ्या पानावर त्यांनी हात वर केला.

"माझे सूर बदलतेयस तू."

"थोडेसेच."

"आवडले नसतील तर सांग की. मी काय खातोय का तुला?"

थाप तयार होती. पण तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत बोट वळलं.

"हे ऐकत नाही माझं," ती म्हणाली. "सात महिने झाले."

त्येर्डनी चष्मा काढून पुसला. आता वाजवायला दुसऱ्या कुणाचं नाव घेणार, असं तिला वाटलं.

"बाकीची तीन ऐकतात?"

"आज तरी ऐकतात."

"मग तिघांपुरतं लिहितो. माख्टेल्डला माहितेय?"

माख्टेल्ड हार्पसिकॉर्ड, म्हणजे पियानोच्या आधीचं वाद्य, वाजवायची. वीत्स्के ज्यात वाजवायची तो जुन्या संगीताचा गट तीच चालवायची.

"नाही."

"मग आधी तिला सांग. मला दोन पानं फसवलंस, ठीक आहे. ती रोज तुझ्या भरवशावर वाजवते."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या सुट्टीत वीत्स्केनं सांगून टाकलं. माख्टेल्डनं कप खाली ठेवला.

"मला वाटलं, तू आम्हाला सोडून चाललीस. नजरेला नजरच देत नव्हतीस." मग हलकेच म्हणाली, "कार्यक्रमातला तुझा तो सोनाटा मी रूर्डच्या चेलोला देते. खालचे, आधाराचे सूर तू धर. तेवढं जमेल?"

"जमेल," वीत्स्के म्हणाली, आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. तो सोनाटा ती एकोणिसाव्या वर्षापासून वाजवत होती.

मे महिन्यात त्येर्डची रचना सादर झाली. एका ठिकाणी अनामिका शेजारच्या तारेला लागलीच आणि नको तो सूर उमटला. टाळ्या थांबल्यावर ते रंगमंचामागे आले.

"तो सूर बरा वाटला. ठेवू या?"

"नको," ती म्हणाली. "पुढच्या वेळी येईलच, असं कुठंय?"

याला पाच वर्षं झाली. बोट सुधारलं नाही. पुढे बसून जुनं संगीत ती आता वाजवत नाही. आधाराचे सूर धरते, आणि तीन बोटांसाठी लिहून देणारे तिघे-चौघे मिळालेत. रोज सकाळी कॉफीच्या आधी ती उरलेली बोटं एकेक करून तारेवर ठेवून ऐकतात का बघते. हल्ली मधल्या बोटाशी जरा जास्तच थांबते.