उरलेला अर्धा पेढा

आमच्या घरात शुगर बाबांना होती आणि पाय कापावा लागला आईचा. हे सांगितलं की लोक म्हणतात, मॅडम, तुमच्या बोलण्यात काहीतरी गडबड होते आहे. बोलण्यात नाही हो. गडबड घरात झाली, आणि ती मी केली.

बाबा म्हणजे पुंजाजी, चांदूर बाजारचे पोस्टमन. छत्तीस वर्षं सायकल हाणली. कुणाच्या नोकरीचं पत्र नेलं की हातावर पेढा, मनिऑर्डर नेली की गुळाचा खडा. रिटायर झाले तरी लोकांची सवय काही सुटली नाही. बारसं असो की पोराचा निकाल, मिठाईचा डबा आधी आमच्या दारात. आणि या माणसाची जीभ, काय सांगू! जेवणानंतर गोड मिळालं नाही तर तोंड फुगवून बसणार, सत्तरीला टेकलेला माणूस.

आठ वर्षांपूर्वी त्यांची शुगर तीनशेच्या वर निघाली. असंच खात राहिलात तर आधी पाय जाईल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. मी अकोल्यात जठारपेठेत राहते, बाळापूरच्या शाळेत शिकवते, आणि माझा स्वभाव शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. पुढच्याच रविवारी मी चांदूरला धडकले. चहातली साखर बंद. संत्र्याचा रस बंद, अख्खं संत्रं सोलून खायचं, तेही एकच. दुपारी गोड आठवलं तर मूठभर फुटाणे आणि चार मनुका. जवस-तिळाचा लाडू, गोडीला खजूर, पण आकार सुपारीएवढा. बुद्धपौर्णिमेला आई विहारासाठी खीर करायची, त्यातली बाबांची वाटी साखर घालायच्या आधी बाजूला काढायची आणि वरून वेलची. मिठाई आलीच तर अर्धा तुकडा, सावकाश चघळून. हे सगळं माझ्या ठसठशीत अक्षरात लिहून मी फ्रिजवर चिकटवलं.

"मले काय जेलात टाकलं का वं?" बाबा म्हणाले.

"हाव, टाकलं," मी म्हटलं. "आई, तू जेलर."

आई म्हणजे इंदूबाई. बाहत्तरच्या दुष्काळात ती तेरा-चौदा वर्षांची होती आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिथं दुपारी मूठभर सुकडी मिळायची, गोडसर. तीसुद्धा ओच्यात बांधून धाकट्या भावासाठी घरी न्यायची. त्या दिवसांनी तिला एकच गोष्ट शिकवली: खायची वस्तू फेकायची नाही. पातेल्याला लागलेलं ती बोटानं पुसून खायची. शिळ्या भाकरीचा तुकडा पाण्यात कुस्करायची. "तुझ्या घरात मुंगीसुद्धा उपाशी मरेल," असं आम्ही तिला चिडवायचो आणि तीही हसायची.

जेलर मात्र कडक निघाली. डबे तिनं कुलपात ठेवले. बाबांच्या हातावर मोजून अर्धा तुकडा पडायचा, सहा महिन्यांत त्यांची शुगर उतरली. मी स्टाफरूममध्ये मिरवले. गोडाची हौस कशी भागवायची हे विचारायला लोक मला फोन करू लागले, मी फोनवर लेक्चर द्यायचे. दर दोन महिन्यांनी मी बाबांना अमरावतीला तपासणीला न्यायचे तेव्हा आई बाहेरच्या बाकावर मांडीवर पिशवी घेऊन बसायची. आठ वर्षांत एकदाही तिच्या बोटाला सुई लागली नाही. ती म्हणायची, मले काय झालं? आणि मी ते खरं मानायचे.

गेल्या हिवाळ्यात अंगणात तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. तिला तो आठ दिवस कळलाच नाही, पाय कधीचाच बधिर झालेला. मग तिनं हळद लावली. मला फोन आला तेव्हा टाच काळी पडली होती. अमरावतीला नेलं, शुगर निघाली चारशे ऐंशी.

मी वॉर्डातच तिच्यावर ओरडले. "तू तर गोड तोंडात घालत नाहीस ना? मग खाल्लं काय?"

"थो अर्धा," ती म्हणाली.

"कोणता अर्धा?"

"तुह्या बाबाचा. तूच लिहून देल्लं ना, अर्धाच द्याचा. मंग राह्यलेला काय फेकू? ठेवला त थे चोरून खात. हातानं तोडलेला तुकडा लोकायले कसा देऊ? अन् डब्यातलं खराब होत होतं, थेही मीच खाऊन घेत होती."

नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं. आई बसायची त्याच बाकावर जाऊन मी रडले. आठ वर्षं मी बाबांच्या तोंडातून काढलेलं सगळं तिच्या तोंडात गेलं होतं, आणि मला शाबासकी मिळत होती.

गुडघ्याखाली पाय कापला. विष तरी वर चढलंच. शेवटच्या दिवसांत ती अर्धवट शुद्धीत विचारायची, बाबांनी संत्रं खाल्लं का? सतराव्या दिवशी गेली.

विहारात आईचं पुण्यानुमोदन होऊन महिना झाला असेल, मी चांदूरला गेले. पलीकडच्या गल्लीतल्या आशाबाई नातवाच्या नोकरीचे पेढे देऊन गेल्या. बाबांनी डबा उघडला, एक पेढा काढला, दोन तुकडे केले. लहान तुकडा तोंडात टाकला. मोठा डब्याच्या झाकणावर ठेवून झाकण आई बसायची त्या पाटाकडे सरकवलं.

"हे काय करून राहिले, बाबा?"

"तुह्या मायचा हाय थो."

"तुम्हाला माहीत होतं? ती खायची ते?"

"हाव. तिले गोड लय आवडे. पण जलमभर कोणाले ना कोणाले देत राह्यली, सोताच्या तोंडात कधी घातलं नाई. मले वाटलं, या निमित्तानं तरी खाते बिचारी. तिनं तोडला का लहान तुकडा मी घेत होतो, मोठा मुद्दाम तिच्यासाठीच ठेवत होतो."

ते माझ्याकडे बघत नव्हते.

सकाळी उठले तर झाकणावरच्या तुकड्याला मुंग्या लागल्या होत्या. त्या घरात मी पहिल्यांदाच मुंग्या बघितल्या. बाबा आंघोळीला गेले होते तेवढ्यात मी तो उचलून नालीत फेकला. फ्रिजवरचा कागद फाडून टाकावासा वाटला, पण बाबांना तो अजून लागतो. पेन घेऊन मी त्यातली अर्ध्या तुकड्याची ओळ तेवढी खोडली.