आठ बटणांचा आवाज

समोरच्या नव्या घरात राहायला आलेले गृहस्थ रविवारी सकाळी व्हरांड्यात टेबल मांडून कसलंसं सर्किट जोडत बसतात. सोल्डरिंगच्या तापलेल्या टोकाला राळ लागली की निळसर धुराची एक बारीक रेघ उठते आणि रस्ता ओलांडून थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरते. आमच्या म्हैसूरला वासांची काय कमी! उदबत्ती, मोगरा, भाजली जाणारी कॉफी, सगळं कसं नाकाला लाडावून ठेवणारं. पण राळेचा हा धूर कुणाचे लाड करत नाही. तो घशाला बोचतो, डोळ्यांत पाणी आणतो. माझ्या डोळ्यांत मात्र तो बोचण्याआधीच पाणी येतं, कारण या धुरामागे मला शहराच्या कडेच्या हूटगळ्ळीतल्या आमच्या घरचं जेवणाचं टेबल दिसतं आणि त्यावर वाकून, ओठ घट्ट मिटून बसलेली माझी आई दिसते.

आई गणिताची शिक्षिका. शाळेतून निवृत्त झाली तरी दहावीच्या मुलींची शिकवणी तिने घरी चालूच ठेवली होती. आणि आवाज कसा, तर गल्लीच्या टोकाला उभं राहिलं तरी आज कुठलं प्रमेय चाललंय ते कळावं असा. त्या आवाजावर घर चालायचं, दूधवाला वेळेवर यायचा, बाबा औषध घ्यायचे. मग घशाच्या दुखण्याने गाठलं आणि डॉक्टरांना तिचं स्वरयंत्रच काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. श्वासही आता मानेवरच्या छोट्या छिद्रातून. घरी आल्यावर तिने हातात पाटी घेतली, पण पाटीचं एक वाईट असतं, तिच्याकडे कुणाला तरी बघावं लागतं. आई टाळी वाजवायची, आम्ही वळायचो, ती लिहायची, तोवर बोलणं पुढे गेलेलं असायचं. हळूहळू आम्ही तिला विचारणंच कमी केलं. हे आम्ही ठरवून केलं नाही, पण केलं. शिकवणी बंद झाली हे तर सगळ्यांनी गृहीतच धरलं. मुलींच्या आयांना तसा निरोपही मीच दिला. आईला न विचारता!

बाबा इथल्याच हेब्बाळच्या एका कारखान्यात उपकरणांची तपासणी करायचे. निवृत्तीनंतर घरभर तारा, स्क्रू आणि उघड्या पोटाचे रेडिओ हाच त्यांचा संसार. त्यांनी ठरवलं, हिच्यासाठी बोलणारी पेटी करायची. आठ बटणं, प्रत्येक बटणाला एक वाक्य. कारखान्याची सवय अशी मुरलेली, की आधी कागदावर यादी, यादीवर सगळ्यांच्या सह्या, मगच कामाला हात. यादीवर बाबांनी सही केली, मी केली, माझ्या नवऱ्याने केली. आवाज माझा द्यायचं ठरलं आणि वाक्यं मी लिहिली. इथे मला माझं एक लाजिरवाणं गुपित सांगायलाच हवं. आमची मराठी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या इकडे मुरलेली. कोण्या काळी तलवार घेऊन राजाच्या चाकरीला आलेल्या शिपायांची ती भाषा कन्नडशी इतकी मिसळलेली, की कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते आमचं आम्हाला कळत नाही. माझा नवरा पुण्याचा, नोकरीसाठी इथे आलेला. त्याने कधी हसून काही म्हटलं नाही, बिचाऱ्याने, पण मीच लग्नानंतर आईला टोकत असे. “आई, नीट बोल ना गं, साकु काय, पुरे म्हण!” असं. तर पेटीसाठी मी अगदी शुद्ध वाक्यं लिहिली. ‘मला तहान लागली आहे.’ ‘मला वेदना होत आहेत.’ ‘मला विश्रांती घ्यायची आहे.’

बाबांनी पेटी टेबलावर ठेवली. आईने एकेक करून आठही बटणं दाबली, शेवटपर्यंत ऐकलं, पेटीवरून हात फिरवला आणि ती उचलून काचेच्या कपाटात, दसऱ्याच्या बाहुल्यांच्या शेजारी ठेवून दिली. मग पाटीवर लिहिलं, “ही पेशंटची पेटी. मला शिकवणीची पाहिजे.” यादीवर तीन सह्या होत्या, आणि जिच्यासाठी यादी तिची एकही नव्हती. कुणाच्या डोक्यातच आलं नाही! आजही ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

बाबा म्हणाले, “बरं, दुसरी करतो.” आईने मान हलवली आणि लिहिलं, “मी करते.” बाबांनी समजावलं, की हे नाजूक काम आहे, हात भाजतो, शिवाय तुझ्या मानेला धूर चालायचा नाही. आईने लिहिलं, “पंखा लावा.” बाबा आणखी काही बोलू लागले तशी तिने पाटी पुसून मोठ्या अक्षरांत लिहिलं, “शिकवा, नाहीतर बाजूला व्हा.” चाळीस वर्षांच्या संसारात बाबा बाजूला व्हायला कधी शिकलेच नव्हते, त्यामुळे त्यांना शिकवावं लागलं. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा टेबलाच्या कडेला बांधून धूर खिडकीबाहेर काढला, आईच्या मानेला ओलसर सुती रुमाल गुंडाळला, आणि चौसष्टाव्या वर्षी माझ्या आईने हातात सोल्डरिंग आयर्न धरलं.

पहिल्या दिवशी तिने लावलेला एकही जोड टिकला नाही. तारेवर वितळलेल्या डाखाची नुसती गोळी बसायची आणि बोट लावलं की टपकन सुटून यायची. बाबा म्हणायचे, “अगं, आधी तार तापव, डाख मग आपणहून धावत येईल.” ती ऐकून घ्यायची आणि परत करायची. एका टाकाऊ सर्किट बोर्डावर तिने शंभरेक जोड नुसते सरावासाठी लावले असतील, गणिताच्या वहीत उदाहरणं सोडवावीत तसे, ओळीने. अंगठा भाजला तर उठून कोरफडीचा गर लावायची आणि परत येऊन बसायची. मी एकदा न राहवून म्हटलं, “आई, बाबा तासाभरात करून देतील, कशाला हा हट्ट?” तिने माझ्याकडे शाळेतल्या नजरेने पाहिलं आणि लिहिलं, “दुसऱ्याच्या पेटीत दुसऱ्याचीच वाक्यं येतात.” मी उठून कोरफड कापून आणली. दुसरं काय करणार!

आता प्रश्न होता आवाजाचा. मी पुन्हा माझा देऊ केला, तर तिने हात आडवा केला आणि पाटी माझ्यापुढे सरकवली. लिहिलं होतं, “तुझ्या फोनमध्ये मी असेन. शोध.”

आणि होतीच ती. मी काही वर्षं हुणसूरच्या कॉलेजात शिकवत होते, आठवडाभर तिथेच राहायचे, तेव्हा आई रोज फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची. त्यातले निम्मे निरोप मी अर्धवटच ऐकलेले. आता तिच्यासमोर बसून सगळे लावले. जेवलीस का, बस मिळाली का, छत्री विसरलीस, आणि या सगळ्यात खडीसाखरेसारखे विखुरलेले तिचे ते कन्नड शब्द, जे मी ‘नीट बोल’ म्हणून पुसायला निघाले होते. आई डोळे मिटून ऐकत होती. मधेच बोट उचलायची, की हा शब्द घे. ‘सरि’, म्हणजे बरोबर. ‘अल्ल’, तसं नव्हे. ‘मत्ते?’, मग पुढे काय? ‘नोडु’, बघ. ‘आय्ता?’, झालं का? ‘बेडा’, नको. ‘साकु’, पुरे. आणि आठवा, ‘अय्यो’. मोजून आठ. बाबांनी ते शब्द कॉम्प्युटरवर कापून मेमरी कार्डात भरले, बटणांना तारा आईने जोडल्या. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या शिकवणीच्या मुली सगळ्या कन्नड माध्यमाच्या! गणित शिकवायला यापलीकडे शब्द तरी कुठले लागतात? माझ्या शुद्ध वाक्यांतलं एकही वाक्य फळ्यापुढे उपयोगाचं नव्हतं, आणि हिच्या भेसळीत अख्खा वर्ग मावत होता. मी म्हटलं, “आई, चुकलंच गं माझं.” तिने माझ्या डोक्यावर टपली मारली आणि डाखाची तार पुढे करायला सांगितली.

मुलींच्या घरी मी पुन्हा निरोप दिले, या वेळी आईला विचारून. सहा जणी आल्या. आल्या खऱ्या, पण आजाऱ्याला भेटायला यावं तशा. कुणी सफरचंदं आणली, कुणी हळू आवाजात बाबांना तब्येत विचारली, आणि चटईवर बसून आपापसांत कुजबुजू लागल्या. आईने फळ्यावर एक समीकरण लिहिलं आणि एकीला खडू दिला. ती मुलगी आईकडे दयेने बघत, अर्धं लक्ष देऊन सोडवू लागली आणि दुसऱ्याच पायरीवर चिन्ह चुकली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. आईने बटण दाबलं.

“अल्ल!”

खोलीत तोच आवाज घुमला, जसाच्या तसा, करडा, खणखणीत. सहाच्या सहा मुली ताडकन उभ्या राहिल्या. सफरचंदं घरंगळली. फळ्यापुढची पोर इतकी गोंधळली, की तिने आधी चिन्ह पुसलं आणि मग जीभ चावली. आईने जराही दयामाया न दाखवता दुसरं बटण दाबलं, “मत्ते?” आणि वर्ग सुरू झाला.

मुली गेल्यावर बाबा पेटी उलटीपालटी करून म्हणाले, “स्पीकर छोटा आहे गं, आवाज जरा फाटतोय. मोठा बसवून देऊ?” आईने फळ्यावरच, समीकरणाच्या खाली लिहिलं, “असू दे. माझाच आहे.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. आईच्या हाताखालून मुलींच्या किती तुकड्या गेल्या, आणि नंतरच्या मुलींनी तर तिला कधी बोलताना ऐकलेलंच नाही. त्यांच्या लेखी बाई म्हणजे बटणं दाबणारी, अल्ल म्हणणारी बाई. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, हळहळ तर मुळीच नाही. तिच्यापुढे बसून त्या चळाचळा कापतात. काळ काय काय हिरावून नेतो याचा हिशेब मांडणं मी सोडून दिलंय. कापणाऱ्या त्या पोरींकडे पाहिलं की मला फार बरं वाटतं.