न दुखणारे दात

दाढ दुखते म्हणून मी दाताच्या कॉलेजात गेलो. खुर्चीपाशी एक शिकाऊ डॉक्टर पोरगी होती. गार लागू नये म्हणून ती आरसा कोमट पाण्यात बुडवून मगच तोंडात घालायची. पण दुखण्याचं सोडून ती खाण्याचंच विचारत राहिली.

“काका, दिवसभर तोंडात गोड काय असतंय?”

“गूळ. व्यापारी हाय मी. सौद्यात ढेपेचा खडा चाखल्याशिवाय बोली लावत न्हाय.”

“मग चूळ भरता?”

“सौदा सोडून चूळ कोण भरतंय?”

तिचा हात थांबला. मग ती एकेका दातापाशी आरसा नेऊ लागली, तशी तिच्या कपाळावरची आठी वाढत गेली.

“दुखतीय ती दाढ भरता येईल, काका,” ती म्हणाली. “मला भीती वाटतीय ती न दुखणाऱ्या दातांची.”

दुसऱ्या दिवशी सौद्यात हमालानं ढेप फोडून खडा माझ्यापुढं धरला. माझी जीभ चांगल्या दातांवरनं फिरत होती. न चाखता बोललो असतो, तर माझ्या बोलीला बाजारात कुणी विचारलं नसतं. सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. काल ती डॉक्टर पोरगीही अशीच बघत होती.

मी तोंड उघडलं.