लेकीच्या गावाचं नाव

त्या वर्षी कतारमध्ये, अल थुमामातल्या आमच्या बाल्कनीतून नुसत्या क्रेन दिसायच्या. वर्ल्ड कपचं स्टेडियम उभं राहत होतं. नवरा त्याच कामावर इंजिनियर, त्यामुळे घरात धूळ आली की मी त्याच्यावरच खेकसायचे. पण खरा राग वेगळ्या गोष्टीचा होता. मुलगी बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि तिला नेदरलँड्समधल्या हेग शहरात कायदा शिकायला प्रवेश मिळाला होता. महिनाअखेर होकार कळवायचा होता. नवरा म्हणाला, तू हो म्हणालीस की माझंही हो. म्हणजे सगळं माझ्या गळ्यात घालून हा सकाळी साइटवर जायला मोकळा.

मला ती पुण्याला जायला हवी होती. कतारमध्ये कितीही वर्षं काढा, नोकरी संपली की गाशा गुंडाळायचा, हे इथल्या आपल्या प्रत्येक घराला ठाऊक असतं. पोरीला निदान एक गाव तरी आपलं म्हणता यावं, आजीचं दार ओळखीचं असावं, एवढंच माझं म्हणणं होतं. तिचं म्हणणं असं, की पुण्यातही दर सुट्टीत ती पाहुणीच असते. पाहुणीच व्हायचं तर आवडीच्या ठिकाणी का होऊ नये? त्यावर मी त्या शहराचं नाव घेणंच बंद केलं, नुसतं 'तिकडे' म्हणायचे. तिकडे थंडी फार. तिकडे जेवायचं काय? तिकडे आजारी पडलीस तर बघणार कोण? नवरा मला चिडवायचा, की माझं नाव घेताना कधी लाजली नाहीस, आता या गावाचं नाव घ्यायला बरी लाजतेस.

मी घेत नसले तरी नाव कानावर येतच होतं. आईला फोनवर कळलं तेव्हा तिने विचारलं, "ते कोर्टाचं गाव ना?" पेपरात हेग म्हटलं की आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे माणसंही राहतात, भाजी आणतात, पोरांना शाळेत सोडतात, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वकील व्हायला इतक्या लांब कशाला, आपल्याकडे खटले काय कमी आहेत, असंही ती म्हणाली. समोरच्या दारातली इजिप्शियन शेजारीण अभिनंदन करायला आली ती 'लाहाय, लाहाय' म्हणतच. मला वाटलं, ही दुसऱ्याच गावाबद्दल बोलतेय. मग मुलीने आम्हा दोघींना बसवून शिकवणी घेतली. फ्रेंचांनी त्या नावाला आपल्या भाषेतला 'ला' जोडला आणि अरबीने तो 'ला'सकट उचलला. इंग्रजांनी 'द' लावला, तो आपल्या वर्तमानपत्रांनी बहुतेक वेळा गाळून टाकला. खुद्द तिथले लोक म्हणतात 'देन हाख', आणि तो ख घशातून खरवडून काढतात. शेजारणीला तो लगेच जमला. मला ठसका लागला.

मूळ नाव याहूनही लांबलचक आहे म्हणे, आणि त्याचा अर्थ सरदाराचं कुंपण. कुणा सरदाराची शिकारीची राई होती, तिला कुंपण होतं, पुढे तिथे त्याचा वाडा झाला आणि भोवती वस्ती वाढली. शेजारीण म्हणाली, आपलं थुमामा हे एका झाडाचं नाव. इतकी वर्षं राहून मी ते झाड इथे पाहिलेलं नाही. माझं माहेर चिंचवडचं, तिथे तरी चिंचा कुठे उरल्यात? त्या शहराचंही तसंच. ज्यांनी नाव ठेवलं त्यांना ते कुंपण रोज दिसत होतं. बाकीच्यांना ना कुंपण ठाऊक, ना सरदार. त्यांनी आपापल्या जिभेला झेपेल तसं ते नाव करून घेतलं आणि वापरायला लागले. त्या शहराशी ज्यांचं काही देणंघेणं नाही, तेही ते नाव घेत होते. घेत नव्हते ती मी एकटी.

त्यातच चैत्रातलं हळदीकुंकू आलं. शुक्रवारी दुपारी मी गौर झोपाळ्यात बसवली, डाळ वाटली, पन्हं केलं. दहाबाराजणी जमल्या आणि उखाण्यांचा आग्रह सुरू झाला. नाशिकची माझी मैत्रीण, तिला लेकीच्या प्रवेशाचं कळलं होतं, घरातल्या वादाचं नाही, ती मोठ्याने म्हणाली, "नवऱ्यांची नावं घेऊन घेऊन जुनी झाली. हिने आज लेकीच्या गावाचं नाव घ्यायचं."

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मुलगी पन्ह्याचा ट्रे घेऊन दारात होती, ती तिथेच थांबली. अजून काही ठरलेलं नाही, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. पण तिचा चेहरा मला दिसत होता, आणि तसं म्हटलं असतं तर तो कसा झाला असता हेही दिसत होतं. उखाण्यात नाव घ्यायचं म्हणजे चारचौघींसमोर ते आपलं आहे असं सांगायचं. तिथे खोटं बोलत नाहीत. मी करंडा खाली ठेवला आणि जुळेल तसं जुळवलं:

"पन्ह्याला लागतो गूळ, डाळीला लागते कैरी,
हेगचं नाव घेते, तिथे चालली माझी गौरी."

टाळ्या पडल्या. नाशिकच्या मैत्रिणीने आणखी एक घे म्हणून गलका केला, पण मी कुंकू लावायला उठले. एकीच्या नाकावर कुंकू सांडलं.

सगळ्या गेल्यावर मुलगी पेले गोळा करून स्वयंपाकघरात आली. ही पोर एरवी माझ्या मराठीला इंग्रजीतच उत्तर देते. त्या दिवशी मात्र अडखळत, एकेक शब्द शोधत म्हणाली, "आई, मग मी खरंच जाऊ?"

मला 'जा' म्हणवेना. आमच्या घरी निघालेल्या माणसाला कुणी तसं म्हणत नाही. मी तिच्या हातातला पेला घेतला आणि इंग्रजीत म्हटलं, "यस, गो." वाटलं होतं, इंग्रजीत म्हटलं तर रडू येणार नाही. आलंच.