गुणवत्ता आणि तांबडा रस्सा

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे कुणी ‘गुणवत्ता’ म्हटलं की ते आपल्यालाच उद्देशून आहे, असं मला वाटायचं. मी दुसऱ्या वर्षाला असताना तो नवा पक्ष कॉलेजात आला, तेव्हाही तसंच झालं. पक्षाचं वय माझ्या धाकट्या भावाहून कमी. नेते तरुण, कडक इस्त्रीचे. घराणेशाही नको, फुकटची खैरात नको, माणसानं स्वतःच्या पायावर उभं राहावं, सरकारनं धंद्यात लुडबूड करू नये, संस्कृती जपावी. आणि मतांसाठी मटणाच्या जेवणावळी तर मुळीच नकोत.

हे शेवटचं कोल्हापुरात बोलायला धाडस लागतं. मी टाळ्या वाजवल्या. वाजवताना जरा कचरलेही, कारण आमचं घर त्या जेवणावळींवरच चालायचं.

आई जेवणाच्या ऑर्डरी घेते. शहराच्या कडेला, ऊस संपून नव्या कॉलन्या सुरू होतात तिथं आमचं घर. मागं परड्यात चुली, हाताखाली गल्लीतल्या दोघी. जावळं, यात्रा असतातच. पण खरा हंगाम महापालिकेच्या निवडणुकीचा.

आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला आणि पक्षानं जाहीर केलं, की उमेदवार मुलाखतीतूनच निवडणार. मी आईचं नाव दिलं. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केलेली बाई त्यांना आणखी कुठं मिळणार होती? अट एकच होती, इच्छुकानं कुठल्याही पक्षाच्या पंगतीचं काम घ्यायचं नाही.

“म्हंजे ऐन हंगामात चुली बंद?” आई म्हणाली. “आणि त्या दोघींनी काय करायचं?”

“आई, हे लोक वेगळे आहेत.”

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, “तू शिकल्याली हाईस. तू म्हणतीस तर जातो मी.”

मुलाखत कॉलनीतल्या हॉलमध्ये झाली. परदेशात शिकून आलेल्या शहराध्यक्षांनी विचारलं, “प्रभागासाठी तुमचं व्हिजन काय?”

“पावसाळ्यात गटर आमच्या सैपाकघरात येतंय. आधी ते काढा,” आई म्हणाली. “व्हिजन मागनं बसून ठरवू की.”

हॉल हसला, टाळ्या पडल्या. त्याचा व्हिडिओ झाला. ‘हीच आमची स्वावलंबी उद्योजिका’ असं खाली लिहून तो गावभर फिरला. पक्षाच्या सभांना गर्दी व्हायला लागली ती त्यानंतर. आई मात्र दारात आलेल्या ऑर्डरी परत पाठवत होती. जुन्या नगरसेवकाचा माणूस आला, त्यालाही तिनं हात जोडले. त्या दोघी दुसऱ्या आचाऱ्याकडं भाकऱ्या थापायला गेल्या.

वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे जुन्या नगरसेवकाला आमच्या आधी कळतं. अर्ज भरायच्या तोंडावर तो हलगी वाजवत पक्षात आला. गळ्यात नवं उपरणं, मागं जुनीच पोरं. तिकीट त्याच्या सुनेला मिळालं. तिची मुलाखत कधी झाली, हे तिलाही ठाऊक नसावं.

मी शहराध्यक्षांना विचारायला गेले. वाक्य पाठ केलं होतं, तरी अडखळले. ते शांतपणे म्हणाले, “निवडून यायची क्षमता हीसुद्धा गुणवत्ताच असते.” इतका गुळगुळीत निर्लज्जपणा मी तोवर पाहिला नव्हता. आमच्या गल्लीत निर्लज्ज माणसं आहेत, पण ती निदान आवाज चढवतात.

दोन दिवसांनी ते स्वतः आमच्या दारात आले. “काकू, कार्यकर्त्यांचं स्नेहभोजन आहे. तांबडा-पांढरा रस्सा तुमच्याच हातचा पाहिजे.”

“जेवणावळी बंद होत्या ना?” मी म्हणाले.

“ही जेवणावळ नाही गं. आपलं कौटुंबिक आहे.”

आईनं हातातली परात खाली ठेवली. “करतो की. पर आधी माझा त्यो व्हिडिओ काढून टाका.”

“अहो, तो तर आपल्या पक्षाची ओळख आहे!”

“मग त्या ओळखीलाच सांगा मटण शिजवायला.”

ते हसले. आपल्याला हाकलतायत हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. आईनं परत परात उचलली आणि कणीक मळायला घेतली.

सून निवडून आली. पक्ष आता राज्यभर वाढतोय म्हणतात. व्हिडिओ अजून फिरतो. गटरही वेळेवर येतं. पुढचा अख्खा उन्हाळा आईनं जुनी गिऱ्हाइकं परत जोडण्यात घालवला. त्या दोघींतली एकच परत आली. आई मला त्याबद्दल कधी बोलली नाही.

परवा कॉलेजात एक नवा मुलगा उपरणं घालून पत्रकं वाटत होता. “ताई, आमच्याकडं फक्त गुणवत्ता चालते,” म्हणाला.

“चांगलं आहे,” मी म्हणाले. “जेवायला काय ठेवलंय?”