निळ्या डब्यावरची फुली

माझा स्वभाव मुळात संशयी, आणि नोकरीही तशीच मिळाली. सौदीत धाहरानला मी तेलाच्या टाक्यांवरचा रंग तपासतो. ब्लेडने फुली मारायची, तिच्यावर चिकटपट्टी लावून खसकन ओढायची. रंग निघून आला की काम नापास.

शेजारच्या टेबलावरच्या वयस्कर कॅनेडियन इंजिनिअरची टाकी मी अशीच नापास केली होती. तो पुढच्या आठवड्यात इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, परत करून कायमचा घरी जाणार होता. टाकी अडली तर जाताना नाचक्की. आणि नेमका तेव्हाच त्याने माझ्या हातात एक खोका ठेवला. "हे तुला." आत वीतभर लांबीचा खेळण्यातला रेल्वेचा डबा, पत्र्याचा, निळा, वर पिवळा पट्टा. दहा वर्षं आम्ही चहा एकत्र प्यायलो, पण याने कधी साधी पेन्सिल दिली नव्हती. म्हटलं, इथे पाणी मुरतंय.

"अरे, माणूस चाललाय, आठवण म्हणून देतोय," बायको म्हणाली. "तू तर देवाच्या प्रसादातही खडे शोधशील."

मी ऐकतोय कसला! टाकी पास झाल्याची सही मिळवायला जुनं भंगार रंगवून गळ्यात मारतोय, असंच मनाने घेतलं. डब्याच्या कडेला फुली मारली. निळ्याखाली काळा-पांढरा निघाला, त्याखाली हिरवा. "बघ, तीनदा रंगवलाय!" मला केवढा आनंद झाला.

सकाळी डबा त्याच्या टेबलावर ठेवला. "टाकीचा रिपोर्ट बदलणार नाही."

तो फुलीकडे बघत राहिला. "टाकी पुन्हा रंगवायला मी कालच सांगितलंय. तुझं बरोबर होतं."

मग डबा रुमालात गुंडाळता गुंडाळता त्याने सांगितलं. त्याचे वडील तिकडे कॅनडात लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्यांवर नोकरीला होते. कंपनीने गाड्यांचा रंग बदलला की ते घरी येऊन मुलाचा हा डबाही त्याच रंगात रंगवायचे. आधी हिरवा, मग काळा-पांढरा. निळा दिला तेव्हा मुलगा मोठा झाला होता आणि वडिलांचे हात कापत होते.

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं. "चुकलो. राहू दे माझ्याकडे," मी म्हणालो. त्याने नकारार्थी मान हलवली आणि डबा बॅगेत ठेवला. तो रागावलाही नाही, तेच जास्त लागलं.

"इथे रंगाकडे नीट बघणारा तू एकटाच," तो म्हणाला. "म्हणून तुला दिला होता."